ओळखीच्या नांवानें येणारें विष

टपालवाला दारांत उभा राहून पत्र हातीं देतो, तेव्हां पाकिटावरील शिक्का, अक्षराचें वळण आणि पाठविणाराचें नांव हीं तिन्ही आपण नकळत पाहतों. जुनीं माणसें तर पाकीट न फोडतां, पत्त्याच्या अक्षरावरूनच पत्र कोणाचें तें सांगत असत. हल्लीं पत्रव्यवहाराचा मोठा भाग ई-मेलनें होतो. त्यांत हस्ताक्षर नाहीं, शिक्का नाहीं. सर्वांचीं अक्षरें एकाच साच्यांतलीं. नांव तेवढें वर लिहिलेलें असतें, आणि तें कोणालाही लिहितां येतें. एवढ्या एका गोष्टींतून केवढे अनर्थ उद्भवतात, ते ओळखावे कसे व टाळावे कसे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. ज्या संगणकावर वा फोनवर मुलें अभ्यास करतात, त्याच यंत्रावर पुष्कळ घरीं वडिलांचा हिशेब व आईचें बँकेचें खातें असतें. म्हणून हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे, घराच्या सुरक्षिततेचाही आहे.

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची जी कथा आहे, ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. इसहाक वृद्ध झाला होता व त्याची दृष्टि मंदावली होती. वडील मुलगा एसाव यास आशीर्वाद द्यावा म्हणून त्यानें त्याला शिकारीस पाठविलें. इतक्यांत धाकटा याकोब आईच्या सल्ल्यानें भावाचीं वस्त्रें नेसून व हातांवर करडांचीं कातडीं गुंडाळून बापापुढें आला, आणि आपणच एसाव आहों असें म्हणाला. इसहाकास संशय आला नाहीं असें नाहीं. शिकार इतक्या लौकर कशी मिळाली असें त्यानें विचारलें. जवळ बोलावून चाचपून पाहिलें. कानाला एक मुलगा वाटे आणि हाताला दुसरा. परंतु शेवटीं त्यानें हाताचें ऐकलें व आशीर्वाद देऊन टाकला. थोड्याच वेळानें खरा एसाव रानांतून परत आला. पण तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. ई-मेलवरील नांव हें असेंच उसनें आणलेलें कातडें असूं शकतें, हें प्रथम ध्यानीं धरावें.

आतां ई-मेलच्या रचनेकडे वळूं. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला ई-मेल अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं पाठविला. आरंभीं त्यांतून साधा मजकूर तेवढा जात असे. पुढें १९९२ सालीं चित्रें, आवाज, कागदपत्रें इत्यादि मजकुरासोबत पाठविण्याचे सर्वसामान्य नियम ठरले, आणि पत्रास अ‍ॅटॅचमेंट, म्हणजे सोबत जोडलेली फाईल, लावण्याची सोय सर्वत्र झाली. सोय मोठी, परंतु येथेंच एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. कांहीं फायली केवळ पाहण्याच्या असतात. उदाहरणार्थ, छायाचित्र किंवा साधा लेख. कांहीं मात्र प्रोग्राम असतात, म्हणजे संगणकानें काय काय करावें याच्या आज्ञांची ती यादी असते. छायाचित्र उघडलें म्हणजे चित्र दिसतें. प्रोग्राम उघडला म्हणजे त्यांतील आज्ञा संगणक पाळूं लागतो. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक, परंतु सदसद्विवेक नसलेला नोकर आहे. धन्यानें फाईल उघडली, त्या अर्थीं धन्याची तशी इच्छा आहे, एवढेंच तो समजतो. सगळीं चित्रें पुसून टाक अशी आज्ञा असली, तरी तो कारण विचारीत नाहीं. म्हणून लबाड माणसाचा सारा प्रयत्न एकाच गोष्टीसाठीं असतो: केवळ पाहण्याची फाईल आहे असें भासवून प्रोग्राम आपल्याच हातून उघडवून घ्यावयाचा. अशा प्रोग्रामास ट्रोजन म्हणतात. ग्रीक सैनिक लाकडी घोड्याच्या पोटांत दडून बसले आणि ट्रॉयच्या नगरवासीयांनीं तो घोडा आपल्याच हातांनीं वेशीच्या आंत ओढून नेला, त्या जुन्या कथेवरून हें नांव पडलें.

या प्रकाराचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ता. ४ मे २००० रोजीं घडलें. फिलिपाईन्स देशांतून निघालेला एक ई-मेल कांहीं तासांतच आशिया, युरोप व अमेरिका येथें पसरला. विषयाच्या जागीं 'आय लव्ह यू' हे शब्द होते. आंत एका ओळींत, सोबतचें प्रेमपत्र पाहावें अशी विनंति होती. आणि जोडलेल्या फायलीचें नांव होतें 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. या नांवाकडे विद्यार्थ्यांनीं बारकाईनें पाहावें. 'टीएक्सटी' हीं अक्षरें साध्या लेखाचीं. 'व्हीबीएस' हीं प्रोग्रामचीं. आणि फायलीची जात ठरते ती शेवटच्या टिंबापुढील अक्षरांवरून. परंतु विंडोज ही प्रणाली तीं शेवटचीं अक्षरें आपण होऊन दाखवीत नसे. सबब पाहणारास 'टीएक्सटी' एवढेंच दिसे व हा निरुपद्रवी लेख आहे असें वाटे. फाईल उघडतांच त्या प्रोग्रामनें संगणकांतील छायाचित्रें नष्ट करून त्यांच्या जागीं स्वतःच्या प्रती ठेवल्या, पासवर्ड चोरणारा दुसरा एक प्रोग्राम आणविण्याचा यत्न केला, आणि पत्त्यांच्या वहींत जितकीं नांवें होतीं तितक्यांस तेंच पत्र धन्याच्या नांवानें धाडलें.

या फसवणुकीचें मर्म या शेवटच्या गोष्टींत आहे. तें पत्र कोणा अनोळखी माणसाकडून आलेलें नव्हतें. कचेरींतील सहकारी, वर्गमित्र, भाऊ यांच्या नांवानें, आणि खरोखरच त्यांच्या पत्त्यावरून, तें आलेलें होतें. ब्रिटिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेलाही त्या दिवशीं आपली ई-मेलची व्यवस्था बंद ठेवावी लागली. तेथें शहाणीं माणसें नव्हतीं असें कोण म्हणेल? अनोळखी माणसापासून सावध राहावें एवढेंच शिकलेला मनुष्य अशा वेळीं फसतो. कारण दार ठोठावणारा ओळखीचाच असतो.

हें कृत्य मनिला येथील ओनेल द गुझमान या तरुणाचें. तो संगणक-विद्यालयाचा विद्यार्थी होता. दुसऱ्यांचे इंटरनेटचे पासवर्ड मिळविणारा प्रोग्राम रचण्याचा विषय त्यानें आपल्या प्रबंधासाठीं सुचविला होता व विद्यालयानें तो नाकारला होता. त्या वेळीं फिलिपाईन्समध्यें अशा कृत्यास लागू पडेल असा कायदा नसल्यामुळें त्याच्यावरील आरोप मागें घ्यावे लागले. कायदा झाला तो त्याच वर्षीं जून महिन्यांत, म्हणजे कृत्य घडून गेल्यावर. इंटरनेटचे पैसे देण्याची आपली ऐपत नव्हती म्हणून पासवर्ड हवे होते, आणि हें लोण इतकें दूर जाईल असें वाटलें नव्हतें, अशी कबुली त्यानें २०२० सालीं दिली. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदाही २००० सालचाच आहे. दुसऱ्याच्या संगणकांत लबाडीनें व्हायरस घालणें हा त्यानें अपराध ठरविला असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आमच्या वर्गांतही कुशाग्र बुद्धीचीं मुलें आहेत. गंमत म्हणून सोडलेला बाण परत बोलावितां येत नाहीं, हें त्यांनीं या उदाहरणावरून शिकावें.

त्यानंतर खोडीची जागा चोरीच्या धंद्यानें घेतली. २०१३ सालीं 'क्रिप्टोलॉकर' नांवाचा प्रोग्राम गिऱ्हाइकाची तक्रार किंवा पार्सलची सूचना अशा बहाण्यानें झिप फायलींतून येऊं लागला. तो उघडला म्हणजे संगणकांतील कागदपत्रांस कुलूप बसे, आणि किल्लीसाठीं सुमारें तीनशें डॉलर ७२ तासांच्या आंत मागितले जात. २०१४ पासून माहीत असलेला 'इमोटेट' याहून धूर्त निघाला. एकाच्या टपालपेटींत शिरून तो तेथील खरा पत्रव्यवहार उचली, आणि त्याच विषयास उत्तर म्हणून विषारी वर्ड फाईल दुसऱ्यास पाठवी. जानेवारी २०२१ मध्यें आठ देशांच्या अधिकाऱ्यांनीं मिळून त्याचें जाळें मोडलें. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें पुन्हां डोकें वर काढलें. शेजारच्या बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेंतील नोकरांस जानेवारी २०१५ मध्यें एका नम्र उमेदवाराचें पत्र आलें; त्यांतील लिंकवरून त्याची माहिती उतरवून घ्यावी अशी विनंति होती. त्या फायलींतून शिरलेले चोर वर्षभर आंत दबून बसले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें त्यांनीं बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर लांबविले.

हा प्रकार आतां ई-मेलपुरता राहिलेला नाहीं. आपल्याकडे लग्नसराईंत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, आणि एरवीं वाहनाच्या दंडाचें चलन म्हणून, एक फाईल येते. तिच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात. हीं अक्षरें अ‍ॅन्ड्रॉइड फोनवरील अ‍ॅपचीं. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती वाचण्यासाठीं फोनमध्यें कांहींएक बसवावें लागत नाहीं. असें अ‍ॅप बसविलें आणि मागेल ती परवानगी दिली, म्हणजे तें फोनवर येणारे संदेश वाचूं लागतें. बँकेकडून येणारा ओटीपी त्यांतच असल्यामुळें खातें रिकामें होण्यास वेळ लागत नाहीं. पुढें तीच पत्रिका आपल्या नांवानें मामा, मावशी, शेजारी या सर्वांस जाते, आणि आपल्यावरील विश्वासामुळें तेही ती उघडतात.

आतां हीं पत्रें ओळखण्याचीं लक्षणें क्रमानें सांगतों.

पहिलें लक्षण घाई. आजच फाईल उघडा, नाहीं तर खातें बंद होईल. चोवीस तासांत दंड भरा. बक्षिसाची मुदत संपत आली. असा मजकूर असला म्हणजे थबकावें. आपण कोणास विचारावें एवढा वेळ आपल्यास मिळूं नये, हाच त्या घाईचा हेतु असतो. भीति, लोभ आणि कुतूहल या तीन दोऱ्यांनीं मनुष्यास ओढलें जातें. पत्र वाचून छाती धडधडूं लागली, तर त्याच क्षणीं हात मागें घ्यावा.

दुसरें लक्षण पत्ता. दिसणारें नांव व खरा पत्ता हीं निरनिराळीं असतात. नांवावर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहावा, आणि 'अ‍ॅट' या चिन्हापुढील भाग अक्षर न् अक्षर वाचावा. भारत सरकारच्या खात्यांचे पत्ते सामान्यतः 'जीओव्ही.इन' किंवा 'एनआयसी.इन' या अक्षरांनीं संपतात. आयकर खात्याचें म्हणविणारें पत्र जीमेलच्या पत्त्यावरून येऊं लागलें, तर तें कोणाचें हें सांगावयास नकोच. रोमन लिपींत 'आर' व 'एन' जवळजवळ लिहिले तर 'एम' सारखे दिसतात. अशा युक्त्याही केल्या जातात. मात्र पत्ता बरोबर निघाला म्हणजे पत्र खरें ठरलें असें नव्हे, हें वरील उदाहरणांवरून दिसून आलेंच आहे.

तिसरें लक्षण फायलीच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें. त्यांना आम्ही फायलीचें आडनांव म्हणतों. 'एक्झी', 'व्हीबीएस', 'जेएस', 'बॅट', 'एससीआर' आणि फोनवर 'एपीके' हीं आडनांवें प्रोग्रामचीं होत. पत्रासोबत आलेली अशी फाईल उघडूं नये. नांवांत दोन टिंबें असलीं तर शेवटचें तेंच खरें. विंडोजमध्यें फायलींच्या पूर्ण नांवांची सूचना आजही मुद्दाम चालू करावी लागते. ती प्रत्येकानें आपल्या घरच्या संगणकावर चालू करून घ्यावी. झिप फाईल कुलूपबंद असून तिचा पासवर्ड त्याच पत्रांत दिलेला असेल, तर तो चौकीदारास चुकविण्याचा डाव समजावा. कारण कुलूप लावलेल्या पेटींत काय आहे हें व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामास दिसत नाहीं. वर्ड किंवा एक्सेलची फाईल 'एनेबल कंटेंट' हें बटण दाबावयास सांगूं लागली, तर तें दाबूं नये. लेख वाचण्यास त्याची गरज नसते; आंत दडविलेल्या आज्ञा चालविण्यासच असते. इंटरनेटवरून आलेल्या अशा फायलींतील आज्ञा २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें आपण होऊन अडविण्यास आरंभ केला आहे. तथापि चोरांनींही तेव्हांपासून दुसऱ्या जातीच्या फायली वापरण्यास आरंभ केला आहे.

भाषेविषयीं दोन शब्द. पूर्वीं अशुद्ध लेखन हें लबाड पत्राचें लक्षण मानीत. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें कोणासही शुद्ध मराठींत पत्र लिहून मिळतें. तेव्हां अशुद्ध पत्राचा संशय घ्यावा हें ठीक. परंतु शुद्ध पत्रावर विश्वास ठेवावा हें मात्र आतां ठीक राहिलेलें नाहीं.

हीं सर्व लक्षणें एखादे वेळीं चुकतील. न चुकणारा उपाय एकच आहे: ज्याच्या नांवानें पत्र आलें, त्यालाच दुसऱ्या वाटेनें विचारणें. मित्राच्या नांवानें फाईल आली तर त्याला फोन करावा, किंवा दुसऱ्या दिवशीं शाळेंत विचारावें. बँकेचें पत्र आलें तर पासबुकावरील क्रमांकावर चौकशी करावी. पत्रांत दिलेल्या क्रमांकावर मात्र कधींही करूं नये. कारण तेथें फोन उचलणारा तोच असतो. विचारण्यानें मित्राचा अपमान होत नाहीं. त्यानें पत्र पाठविलें नसेल, तर आपल्या नांवाचा दुरुपयोग होत आहे हें त्यास प्रथमच कळतें, व तो उलट आपले उपकार मानतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत येथें सांगणें उचित होईल. वडिलांचें विजेच्या सामानाचें लहानसें दुकान, मुलगा दहावींत. परीक्षा जवळ आली असतां वर्गमित्राच्या नांवानें 'सराव प्रश्नपत्रिका' अशी फाईल आली. मुलानें ती वडिलांच्या संगणकावर उघडली. पडदा क्षणभर लुकलुकला आणि दिसलें कांहींच नाहीं. कांहीं तरी चुकलें हें त्यास त्याच वेळीं कळलें होतें. परंतु भीतीनें तो दोन दिवस बोलला नाहीं. त्या दोन दिवसांत तेंच पत्र दुकानाच्या नांवानें गिऱ्हाइकांस गेलें, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं हिशेबाच्या सर्व फायलींस कुलूप बसलेलें आढळलें. एका पेन-ड्राइव्हवर चार महिन्यांपूर्वींची प्रत होती, म्हणून निभावलें. मधल्या उधारीसाठीं मात्र वडिलांस गिऱ्हाइकांच्या दारोदार जावें लागलें. ते मुलास म्हणाले, "तूं फाईल उघडलीस याचें मला इतकें वाईट वाटत नाहीं, दोन दिवस सांगितलें नाहींस याचें वाटतें." मुलगा म्हणाला, "तुम्ही रागवाल असें वाटलें, बाबा." यावर वडील बराच वेळ कांहींच बोलले नाहींत.

ही हकीकत आम्ही मुलांसाठीं जितकी लिहिली आहे, तितकीच पालकांसाठीं. चूक कबूल करणाऱ्या मुलावर आपण ओरडलों, तर पुढच्या वेळीं तें गप्प बसेल. आणि अशा संकटांत एकेक तास मोलाचा असतो. मुलांनींही हें ध्यानीं ठेवावें कीं, मोठमोठ्या बँकांतील अनुभवी माणसें जेथें फसलीं, तेथें आपण फसलों यांत लाज नाहीं. लपविण्यांत मात्र हानि आहे.

चुकून फाईल उघडलीच, तर प्रथम यंत्राचा इंटरनेटशीं असलेला संबंध तोडावा. मग लगेच वडील मंडळींस सांगावें. दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेलचा व बँकेचा पासवर्ड बदलावा. आपल्या नांवानें कांहीं आल्यास उघडूं नका, असें ओळखीच्यांस फोन करून कळवावें. पैसे गेले असतील तर बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी; जितकी त्वरा, तितकी पैसे वाटेंत अडविले जाण्याची आशा अधिक. मूळ पत्र पुसून टाकूं नये. तोच पुरावा होय. खंडणी मागितल्यास ती देऊं नये. पैसे घेऊन चोर किल्ली देईलच असा भरंवसा कोणी द्यावा? आणि या सर्वांच्या आधीं, आजच करावयाची एक गोष्ट: महत्त्वाच्या कागदपत्रांची व घरच्या छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी. संगणकाचे व फोनचे सुधारणा-संच वेळच्या वेळीं बसवावे, आणि प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड ठेवावा.

विद्यार्थिमित्रहो, ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवूं नका असें आम्हांस मुळींच सांगावयाचें नाहीं. विश्वासावांचून घर चालत नाहीं, शाळा चालत नाहीं, समाजही चालत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, विश्वास माणसावर ठेवावा. पडद्यावर उमटलेल्या त्याच्या नांवावर नव्हे. इसहाकाजवळ एसावाची ओळख पटविण्याचा मार्ग होता. मात्र त्यासाठीं त्याला घटकाभर थांबावें लागलें असतें. तेवढें थांबण्याची संवय आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातास लागो, आणि ती त्यानें आपल्या घरच्या वडील मंडळींसही लावो, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतों.